प्रजिमा, इजिमा, ग्रामा : आपला रस्ता नेमका कोणाच्या खात्यावर?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कामाच्या फलकावर साधारण अशी ओळ असते : ‘इजिमा ५८, कि.मी. ४/२०० ते ७/००० रस्त्याची सुधारणा करणे.’ (आकडे नमुन्यादाखल.) बहुतेक जण ती वाचत नाहीत. वाचली तरी ठेकेदाराचं नाव आणि रक्कम बघून पुढे जातात. खरं तर सगळ्यात कामाची माहिती त्या पहिल्या दोन शब्दांत असते. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, पैसा कुठल्या खात्यातून येणार आणि खड्डा पडला तर कोणत्या कार्यालयाची पायरी चढायची, हे सगळं ‘इजिमा ५८’, म्हणजे इतर जिल्हा मार्ग क्रमांक ५८, या नावातून कळतं.

महाराष्ट्रात रस्त्यांचे क्रमांक प्रवाशांसाठी फारसे वापरातच नाहीत. ‘प्रजिमा १२ ने ये’ असं कोणी कोणाला सांगत नाही, ‘साखर कारखान्यावरून ये’ असं सांगतात. जमिनीला गट नंबर तसा रस्त्याला क्रमांक. रोजच्या बोलण्यात तो लागत नाही, पण कागद हलवायचा म्हटला की त्याच्याशिवाय पान हलत नाही.

वर्गवारीची उतरंड अशी : राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली प्रमुख राज्यमार्ग, मग राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा, आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा. या वर्गवारीचं मूळ नागपुरात आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गाव अशी रस्त्यांची विभागणी तिथे ठरली. शेतीच्या दृष्टीने विकसित भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असं त्या ‘नागपूर योजने’चं एक सूत्र होतं. पुढे वीस-वीस वर्षांच्या योजना आल्या. महाराष्ट्राच्या २००१ ते २०२१ च्या रस्ते विकास योजनेचं उद्दिष्ट सुमारे ३ लाख ३७ हजार किलोमीटरचं होतं. आज रस्त्यांना लागलेले बरेचसे क्रमांक याच योजनेच्या नकाशांवरून आले आहेत. जुन्या कागदांत तुमच्या रस्त्याचा क्रमांक वेगळा दिसला तर गोंधळू नका, तो बहुधा १९८१-२००१ च्या योजनेतला असतो.

आता ताबा कोणाचा, हे बघू. प्रमुख राज्यमार्ग, राज्यमार्ग आणि प्रजिमा राज्य शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावकऱ्यांच्या तोंडी दोन्ही ‘बांधकाम खातं’च असतं आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. दोन्हीकडे कार्यकारी अभियंता असतो, दोन्हीकडे उप अभियंता आणि शाखा अभियंता असतात, आणि कधी कधी दोन्ही कार्यालयं एकाच आवारात असतात. पण सार्वजनिक बांधकामाचा कार्यकारी अभियंता वर अधीक्षक अभियंत्याला (मंडळ कार्यालय) आणि तिथून मुख्य अभियंत्याला उत्तर देतो. जिल्हा परिषदेचा कार्यकारी अभियंता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि बांधकाम समितीला उत्तर देतो. एकाकडे दिलेला अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर आपोआप जात नाही.

क्रमांकही कुठे कसे लागतात, ते माहीत असायला हवं. राज्यमार्गाचा क्रमांक राज्यभर एकच, जिल्ह्याची हद्द ओलांडली तरी तोच चालू राहतो. प्रजिमा आणि इजिमा यांचे क्रमांक जिल्हानिहाय असतात. त्यामुळे ‘प्रजिमा १२’ साताऱ्यातही असतो आणि बुलढाण्यातही. हद्द ओलांडताच तोच डांबरी पट्टा वेगळा क्रमांक घेतो. ग्रामीण मार्गांचे क्रमांक तर बहुतेक ठिकाणी तालुक्यागणिक नव्याने सुरू होतात. म्हणून अर्जात नुसता क्रमांक लिहून भागत नाही. ‘ग्रामा ४५, ता. अमुक, जि. तमुक’ असं पूर्ण लिहावं लागतं.

यात भर म्हणून प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचे स्वतःचे क्रमांक आहेत. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या या योजनेने मैदानी भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडायचं ठरवलं आणि प्रत्येक तालुक्याचं वेगळं जाळं आखलं. त्यात ‘टी-०५’ म्हणजे अनेक वस्त्यांची वाहतूक एकत्र घेऊन पुढे जाणारा मार्ग आणि ‘एल-०३४’ म्हणजे एखाद्या वस्तीला त्याला जोडणारा फाटा. फलकावर ‘टी-०५ ते अमुकवाडी’ असं वाचलंत तर ते याच जाळ्यातलं नाव. तोच रस्ता जिल्हा परिषदेच्या नोंदवहीत ग्रामा किंवा इजिमा म्हणून दुसऱ्या क्रमांकाने असतो. या योजनेत काम झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते आणि वर्षावार देखभालीची रक्कम फलकावर लिहिलेली असते. पाच वर्षं संपली की रस्ता जिल्हा परिषदेच्या पदरात पडतो. सहाव्या पावसाळ्यात रस्ता उखडला आणि कोणीच फिरकलं नाही, तर आधी फलकावरची तारीख बघा.

किलोमीटरची भाषा

‘कि.मी. ४/२०० ते ७/०००’ याचा अर्थ रस्त्याच्या आरंभापासून ४ किलोमीटर २०० मीटरवर काम सुरू आणि बरोबर ७ किलोमीटरवर संपलं. एकूण लांबी २.८ किलोमीटर. खात्यात याला साखळी क्रमांक म्हणतात. आरंभ कुठला, हे रस्त्याच्या नोंदीत लिहिलेलं असतं. फाट्यांच्या बाबतीत सहसा मोठ्या रस्त्यावरून फुटतो ते ठिकाण ०/०००.

जागेवर हे मोजायला किलोमीटरचे दगड आहेत. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. जिल्हा मार्गांवर काळा, निळा किंवा नुसता पांढरा, असं काहीही दिसतं. दर पाचव्या किलोमीटरचा दगड आकाराने मोठा असतो. मधले छोटे दगड २०० मीटरचे. त्यांच्यावर २, ४, ६, ८ असे आकडे. खड्ड्याचा फोटो काढताना जवळचा दगड चौकटीत घेतलात तर ‘जागा आढळून आली नाही’ हे उत्तर मिळायची शक्यता बरीच कमी होते. अडचण एवढीच की दगडावर विश्वास ठेवण्याआधी त्याची तपासणी करावी लागते. रुंदीकरणात दगड उपटले जातात, परत बसवताना दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतात, आणि दर्जा बदललेल्या रस्त्यावर जुन्या रंगाचे दगड वर्षानुवर्षं तसेच उभे असतात.

दोन क्रमांकांचे रस्ते काही अंतर एकाच पट्ट्यावरून जातात, तिथे वरच्या दर्जाचा क्रमांक चालतो. खालच्या रस्त्याची तेवढी लांबी सामाईक म्हणून धरतात आणि तिचा खर्च वरचं खातं करतं. एखाद्या बाजारपेठेतल्या पाचशे मीटरसाठी जिल्हा परिषद हात वर करते, तेव्हा बऱ्याचदा हेच कारण असतं.

साखळी क्रमांक कळला की फलकावरचा हिशेबही करता येतो. वरच्या नमुन्यात २.८ किलोमीटर लांबी आहे. एकेरी मार्गाची डांबरी रुंदी ३.७५ मीटर. म्हणजे क्षेत्र १०,५०० चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटर जाडीचं कारपेट, म्हणजे वरचा डांबर-खडीचा थर, धरला तर दबाई झाल्यावर २१० घनमीटर माल. टेप घेऊन पाच-सहा ठिकाणी रुंदी मोजा. सरासरी ३.६० भरली, तर ४२० चौरस मीटर डांबरीकरण कमी झालंय. देयक मात्र मोजमाप पुस्तकातल्या आकड्यावर निघतं. ते पुस्तक, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, माहितीच्या अधिकारात मागता येतं. काही ग्रामीण रस्ते मुळातच ३ मीटर रुंदीचे मंजूर असतात. म्हणून आरडाओरडा करण्याआधी अंदाजपत्रकातली रुंदी बघून घ्यावी.

दर्जा बदलला की काय बदलतं

पहिली गोष्ट पैसा. राज्यमार्ग आणि प्रजिमा यांची कामं राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत येतात. इजिमा आणि ग्रामा यांचा मोठा आधार म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून येणारा निधी. फलकावर किंवा आदेशात ३०५४ आणि ५०५४ हे आकडे दिसतात, ती लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातले खर्चाच्या खात्यांचे क्रमांक. ३०५४ मार्ग व पूल यांवरचा महसुली खर्च, ५०५४ भांडवली खर्च. जिल्हा नियोजनात ग्रामीण रस्त्यांचं मजबुतीकरण ३०५४ खाली आणि इतर जिल्हा रस्त्यांचं ५०५४ खाली दाखवायची पद्धत आहे. २५१५ दिसलं तर ग्रामविकास विभागाकडचा मूलभूत सुविधांचा निधी.

किलोमीटर भरपूर आणि निधी तुटपुंजा, अशी जिल्हा परिषदेची कायमची अवस्था. म्हणून प्रत्येक आमदाराला आपल्या भागातला इजिमा प्रजिमा व्हावा असं वाटतं. याला दर्जोन्नती म्हणतात. जिल्हा परिषदेचा ठराव होतो. सोबत रस्त्याची लांबी, जोडली जाणारी गावं आणि त्यांची लोकसंख्या, वाहनांची गणना, नकाशा असा प्रस्ताव तयार होतो. तो सार्वजनिक बांधकामाच्या कार्यकारी अभियंत्याकडून अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशा पायऱ्या चढत मंत्रालयात पोचतो आणि शेवटी शासन निर्णय निघतो. रस्त्याला नवा क्रमांक मिळतो. फटाके वाजतात.

पण शासन निर्णयाने डांबर पडत नाही. निर्णय निघताच जिल्हा परिषद त्या रस्त्यावरचा खर्च थांबवते, कारण दुसऱ्या खात्याच्या रस्त्यावर पैसे टाकले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. सार्वजनिक बांधकामाकडे मात्र हस्तांतरण व्हायचं असतं, आणि झालं तरी त्या रस्त्याचं काम पुढच्या अर्थसंकल्पात यायचं असतं. मधले एक-दोन पावसाळे रस्ता पोरका. दर्जोन्नतीचा पाठपुरावा करणाऱ्यांनी शासन निर्णयावर थांबू नये. दोन्ही उप अभियंत्यांची संयुक्त पाहणी, ताबा दिल्या-घेतल्याचा कागद आणि अर्थसंकल्पातली नोंद या तिन्ही गोष्टी हातात येईपर्यंत मागे लागावं.

दुसरी अडचण जमिनीची. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सपाट, मोकळ्या भागात ग्रामीण मार्गाला १२ मीटर, इजिमाला १५, प्रजिमाला २५ आणि राज्य व राष्ट्रीय महामार्गाला ४५ मीटर जमीन असावी. दर्जा वाढला तरी ही जमीन आपोआप वाढत नाही. त्यामुळे नावाने प्रजिमा आणि प्रत्यक्षात दोन एसटी समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं, असे रस्ते ढिगाने आहेत.

आणि दर्जा वाढल्याचा भार कडेच्या शेतकऱ्यावरही पडतो. बांधकाम रस्त्यापासून किती लांब हवं, हे इमारत रेषा (हिच्या आत इमारत नको) आणि नियंत्रण रेषा (हिच्यापर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण) ठरवतात. त्याच मानकात मोकळ्या भागात राज्य आणि राष्ट्रीय महामार्गासाठी मध्यरेषेपासून अनुक्रमे ४० आणि ७५ मीटर, प्रजिमासाठी २५ आणि ५० मीटर दिलेले आहेत. राज्याचे स्वतंत्र आदेशही आहेत. म्हणून घर, गोदाम, हॉटेल किंवा पेट्रोलपंप बांधायच्या आधी संबंधित उपविभागाकडून, म्हणजे उप अभियंत्याच्या कार्यालयाकडून, त्या साखळी क्रमांकावरची रेषा लेखी घ्यावी. रस्त्याखालून पाण्याची पाइपलाइन आडवी न्यायची असेल तरी परवानगी त्याच उपविभागाची.

दर्जाला किती किंमत असते, हे डिसेंबर २०१६ मध्ये सगळ्या देशाला कळलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर झालं. त्या काळात अनेक राज्यांत शहरांतून जाणाऱ्या राज्यमार्गांचा दर्जा काढून ते नगरपालिकांकडे द्यायची घाई उडाली. डांबर तेच, दुकान तेच, फक्त नोंदवहीतला शब्द बदलायचा होता.

राष्ट्रीय महामार्गाची वेगळी तऱ्हा

२०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम क्रमांक. विषम क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात : नागपूर-धुळे-सुरत ५३, कल्याण-अहिल्यानगर-नांदेड ६१, पुणे-सोलापूर-हैदराबाद ६५. तीन आकडी क्रमांक म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांच्या रस्त्याची शाखा. रत्नागिरी-कोल्हापूर १६६ ही ६६ ची शाखा. गुहागर-चिपळूण-कराड रस्ता १६६-ई. ज्ञानेश्वर माउलींचा पालखी मार्ग ९६५, तुकोबांचा ९६५-जी, दोन्ही ६५ च्या कुळातले. पुणे-सातारा रस्त्याला लोक अजून ‘एनएच फोर’ म्हणतात. कागदावर तो ४८ आहे, आणि ४ क्रमांक आता अंदमानातल्या रस्त्याला आहे. तक्रारीत जुना क्रमांक टाकाल तर निदान संगणक तरी तुम्हाला पोर्ट ब्लेअरला (आताच्या श्री विजयपुरमला) पाठवेल.

इथे क्रमांक कळला तरी मालक कळतोच असं नाही. काही लांबी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. उत्तम नमुना म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, क्रमांक ६६. त्याच्या चौपदरीकरणात मुळात पनवेल ते इंदापूर हे सुमारे ८४ किलोमीटर प्राधिकरणाकडे आणि इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. (हे इंदापूर रायगडातलं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे.) गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी खड्ड्यांना एकाच नावाने शिव्या घालतो, पण पत्ते दोन आहेत.

रस्ता कशाने जातो

जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा शेवट बहुतेकदा कडेपासून सुरू होतो. ३.७५ मीटरच्या पट्ट्यावर समोरून वाहन आलं की दोघांचीही एकेक बाजू साइडपट्टीवर उतरते. साइडपट्टीवरचा मुरूम वाहून ती डांबरापेक्षा पाच-सात सेंटीमीटर खाली गेली असेल, तर चाक परत चढताना डांबराची कड तुटते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, तेव्हा एका हंगामात कड फूटभर आत सरकते. साइडपट्टीची दुरुस्ती स्वस्त असते, पण तिच्यासाठी कोणी नारळ फोडत नाही, म्हणून ती राहून जाते. पूर्वी मैलकामगार, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक लांबीच्या देखभालीसाठी नेमलेले कामगार, हे काम सतत करायचे.

दुसरं कारण रस्त्याकडेचे बुजलेले चर. शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी चरात नळी न टाकता माती भरतात, पाणी तुंबतं, खालचं खडीकरण मऊ पडतं आणि वर खड्डा दिसतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात हे दुप्पट वेगाने होतं, कारण ती माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. पावसाळ्यात असा खड्डा भरला तरी ओल्या खडीला डांबर धरत नाही. आधी चर मोकळा, मग खड्डा, हा क्रम अर्जातच लिहावा.

अर्ज कुठे, कसा

आधी दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम झाल्यावर त्यातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला आहे का ते बघा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते आणि निधी नाही हे उत्तर चालत नाही. कालावधीची तारीख फलकावर किंवा कार्यारंभ आदेशात मिळते. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ क्रमांक आहे, ग्रामसडक योजनेसाठी ‘मेरी सडक’ हे अॅप, बाकीच्यांसाठी संबंधित उपविभागीय कार्यालय.

रस्ता कोणाचा हेच कळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज सगळ्यात सोपा. रस्त्याची वर्गवारी व क्रमांक, आरंभ व शेवट, शेवटचं काम कोणत्या साखळी क्रमांकांत झालं, दोष दायित्व कधी संपतं, एवढंच विचारा. ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ असं लिहून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो.

दोन्ही बांधकाम खात्यांनी हात झटकले, तर तो रस्ता बहुधा कुठल्याच क्रमांकात नाही. गावांतर्गत रस्ता असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत, त्याची नोंद बघा. तिथेही नसेल तर ग्रामसभेत विषय घेऊन आधी नोंद करून घ्या. पाणंद किंवा शिवरस्ता असेल तर कार्यालय तहसीलदारांचं. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. वहिवाटीचा चालू रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि त्यासाठी अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो.